गारठ्याच्या तुकड्यातले टमाटे

मला कुणी "हे होत नसतं" म्हणालं की माझं डोकं सटकतं. ही सवय चांगली नाही हे मला ठाऊक आहे. आई लहानपणापासून सांगत आली आणि सासरी आल्यावर आत्याबाईंनीही, म्हणजे सासूबाईंनी, दोन-चारदा सांगून पाहिलं. पण ज्या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो, ती याच वाईट सवयीतून झाली.

"त्या तुकड्यात टमाटा लाल होत न्हाई, बाई. कुणाचा झाला न्हाई," मामा म्हणाले होते. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात.

तो तुकडा म्हणजे ओढ्याकाठचे दहा गुंठे. आमचं शेत इस्लापूरच्या बाजूला, डोंगर आणि झाडीला लागून आहे, आणि हा तुकडा त्यात सगळ्यांत खोलगट. हिवाळ्यात डोंगरावरचा सगळा गारवा उतरून तिथंच मुक्कामाला बसतो. नांदेड जिल्ह्यात राहून थंडीचं रडगाणं गायलं की बाहेरची माणसं हसतात. त्यांनी मार्गशीर्षात सकाळी सहाला त्या बांधावर अनवाणी उभं राहून दाखवावं. घरात त्याला गारठ्याचा तुकडा म्हणत आणि दरवर्षी त्यात हरभरा टाकून मोकळे होत.

टमाट्याचं गणित तिथं फार आखूड. सोयाबीन निघून रान मोकळं व्हायला दिवाळी उजाडते. शिवरात्र झाली की ऊन असं तापतं की फुलं टपाटपा गळतात. मधले जेमतेम साडेतीन महिने हातात, आणि त्यातला एक महिना झाड थंडीनं काकडून नुसतं उभं राहतं.

पण मला तो तुकडा हवा होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्या शेतात माझ्या शब्दावर एक बी पडलेलं नव्हतं. खुरपलं मी, वेचलं मी, सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढायला भर पावसात धावले मी. काय पेरायचं हे मात्र मामा ठरवायचे, आणि शनिवारी नांदेडहून नोकरीवरून येणारा माझा नवरा मान हलवायचा. माहेरी निलंग्याकडं मी बापाबरोबर भाजीपाला काढलेला होता. मला त्यातलं कळत होतं. ते कुणी विचारलंच नाही, याचा मला राग होता.

शेवटी मामांनी अट घातली. "शिवरात्रीला झाडावर लाल टमाटा दाखव. तुकडा तुजा, पुन्हा म्या त्यात बोलणार न्हाई. न्हाई दाखवला, तर हरभरा. आन् मंग तू बोलायचं न्हाई."

"हाव," मी म्हणाले.

दसऱ्याला अंगणातल्या वाफ्यात रोप टाकलं आणि दिवाळीच्या पाडव्याला लावलं. चौदा सऱ्या. बांबू रोवले, तारा ओढल्या. वारं उत्तरेकडून यायचं, म्हणून त्या अंगानं ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या एकीला एक टेकवून पुरुषभर उंचीची भिंत केली. संध्याकाळी त्यातल्याच काही पेंढ्या तारांवर आडव्या टाकायच्या आणि सकाळी ऊन आलं की काढायच्या. हे रोज. कंबरेचा पार काटा ढिला झाला.

फुलं आली, पण थंडीत ती फळ धरेनात. मग मी अकराच्या उन्हात हातात काडी घेऊन प्रत्येक तारेवर टकटक करत फिरायचे, म्हणजे फुलातली पूड झडते. मामा बांधावर बसून तंबाखू मळत बघायचे.

"काय करून राहिली?"

"फळ धरायला लावते."

"गुदगुल्या करून राहिली झाडाला," ते आत्याबाईंना घरी जाऊन सांगायचे आणि दोघं पोट धरून हसायची. मी ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोरात टकटक करायचे. मार्गशीर्ष सरत आला तेव्हा झाडाझाडाला सुपारीएवढी हिरवी फळं लागली होती. मामांचं हसू जरा कमी झालं.

आणि मग येळवस आली. मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या निलंग्याकडं त्या दिवशी घरात माणूस सापडत नाही. सगळी शेतात. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भाज्या-शेंगांची भज्जी, ज्वारीचे उंडे, खीर, आंबील, आणि आल्या-गेल्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. इस्लापूरकडं यातलं काही नाही. अकरा वर्षं त्या दिवशी मी गुपचूप भाकऱ्या थापायचे. त्या वर्षी मात्र आठवडाभर आधी एका संध्याकाळी चुलीपुढं मी सगळं सांगत बसले. मामा ऐकत होते. सांगता सांगता मला चेव चढला आणि मी थोडं माझ्या पदरचंही घातलं. मी म्हणाले, "कोपीत देव बसले की दुसरा दिवस उजाडेपर्यंत कोपीची काडी हलवत न्हाईत." असं काही आमच्याकडं कुणी कडक पाळत नाही. ऐकायला बरं वाटलं म्हणून म्हणून गेले.

"लई कामं नसतील तुमच्याकडं," एवढंच मामा बोलले.

अमावास्येच्या दिवशी सकाळी पेंढ्या काढायला "म्या जातो" म्हणून मामाच गेले. मी हौसेनं भज्जी केली, आंबील केली आणि दुपारी आत्याबाईंबरोबर पाटी डोक्यावर घेऊन शेतात गेले. बांध ओलांडला आणि जागीच थांबले. तुकड्याच्या मधोमध कोपी उभी होती. आमच्या निलंग्यातही एवढी मोठी कुणी घालत नाही. आत पाच पांढरेशुभ्र दगड, त्यांना हळद-कुंकू. बाहेर मामा, धुतलेलं धोतर नेसून, नव्या नवरदेवासारखे उभे.

"हाय का न्हाई तुमच्यासारखी?" ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले आणि त्याच डोळ्यांना दिसलं की उत्तरेची भिंत नाही. तारांवर टाकायच्या पेंढ्याही नाहीत. माझा सगळा कडबा कोपीत गेला होता.

ज्या माणसानं अकरा वर्षांत माझ्या माहेरचं नाव काढलं नव्हतं, त्यानं माझ्यासाठी सकाळपासून राबून येळवस मांडली होती. मी जेवायला वाढलं. मामांनी तीनदा भज्जी घेतली. पिकावर आंबील शिंपडताना मी जरा बिचकतच म्हणाले, "मामा, दिवस मावळायच्या आत कोपी सोडू. थंडी लई हाय."

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच देव बाटवला. "उजाडेपर्यंत काडी हलवत न्हाईत. तूच सांगितलंस. देव बसलेत."

आठवड्यापूर्वी ज्यांना येळवस ठाऊक नव्हती, ते आता तिचे राखणदार झाले होते. आणि शब्द माझेच. घरातही दुसरा कडबा उरला नव्हता, सगळा मीच आधी उचलून नेलेला. मी घरातली पोती, जुन्या चादरी, दोन लुगडी असं हाताला लागेल ते नेऊन टाकलं. पाच सऱ्यांपर्यंत पुरलं.

पहाटे मी गेले. उघड्या सऱ्यांचे शेंडे काळे पडून लोंबत होते, उकळतं पाणी ओतल्यासारखे. मी बांधावर बसले आणि मोठ्यानं रडले. मामा मागून आले तेव्हा तोंडाला येईल ते मी बोलले. "माझी बाग मारली तुम्ही! अकरा वर्षांत एक तुकडा मागितला!" सासऱ्यांपुढं मी तोपर्यंत डोक्यावरचा पदरही ढळू दिला नव्हता.

ते खाली बसले, पानं उलटीपालटी करून पाहिली. मग कोपीत गेले, दगडांना हात जोडले, एकेक दगड बाहेर आणून बांधावर ठेवला आणि कोपी सोडायला लागले. सूर्य वर यायच्या आत उत्तरेची भिंत उभी होती.

चार सऱ्या गेल्या त्या गेल्याच. उरलेल्या उघड्यांवरचे काळे शेंडे मी छाटले, तर आतल्या पानांखाली फळं जिवंत होती. त्या दिवसापासून पहाटे मी जायच्या आधी बांधावर शेणी आणि ओला पाला धुमसत असायचा आणि धूर सऱ्यांवर पसरलेला असायचा. कोण पेटवतं हे मी विचारलं नाही. दोघंही एकमेकांशी बोलत नव्हतो.

माघात मी वरची सगळी फुलं खुडून टाकली. दिवस थोडे उरले होते, झाडानं आहे तेवढंच पिकवावं म्हणून. तेव्हा मात्र मामांना राहवलं नाही. "फुलं तोडून राहिली! येड लागलं का?"

"लागलं," मी म्हणाले. असं आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

फळं मुठीएवढी झाली, पण हिरवीगार. शिवरात्र चार दिवसांवर आली तरी एक रंग धरेना. मला जेवण जाईना. त्या संध्याकाळी मामा ओसरीवर माझ्याजवळ आले, इकडं-तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "दोन-चार तोडून भुशात घाल. घरात लाल होतील. म्या काय कुणाला सांगत न्हाई."

अट घालणारा माणूस मला लबाडी शिकवत होता! मला हसू आलं आणि रडूही. "न्हाई मामा," मी म्हणाले. "झाडावर म्हणालात. झाडावरच दाखवीन."

शिवरात्रीला उजाडताच आम्ही तिघं गेलो. आदल्या दोन दिवसांत ऊन चांगलं तापलं होतं. पाचव्या सरीत मामा पुढं होते, ते थांबले आणि वाकले. पानाआड एक लाल. त्याच्या खाली दुसरा. मी पुढच्या सरीत धावले, तिथं चार. एक सरी ओलांडून आत्याबाई ओरडल्या, "अगं, हिकडं बघ, हिकडं!" मी नाचले. खरंच नाचले, पस्तिशीची बाई, चिखलाच्या पायांनी.

मामांना कडक उपास होता, चाखता येईना. त्यांनी एक टमाटा तोडला, उपरण्यानं पुसला, महादेवाला नेऊन बेलाशेजारी ठेवला आणि परत येताना गावभर दाखवत आले. पंधरा दिवस पाट्या भरभरून निघत होत्या. हिमायतनगरच्या बाजारात मामा स्वतः माझ्या शेजारी बसले आणि जो येईल त्याला सांगत राहिले, "गारठ्याच्या तुकड्यातला हाय. सुनेनं काढला." कुणी फळ दाबून पाहिलं की खवळायचे.

तुकडा माझा झाला. मामांनी शब्द पाळला. पुढच्या दिवाळीला काय लावणार म्हणून साधी चौकशीही केली नाही, आणि मी पुन्हा टमाटेच लावले.

मार्गशीर्ष सरत आला तेव्हा एका सकाळी माझ्या बांधापाशी बैलगाडी थांबली. गाडीत कडबा होता, भावकीतल्या कुणाकडून मागून आणलेला. माझी उत्तरेची भिंत जागच्या जागी होती. मामा गाडीतून उतरले, पण बांध ओलांडून आत आले नाहीत. तिथूनच त्यांनी हाक मारली.

"सूनबाई, तुज्या रानात कोपी कुठं घालू?"