मल्हारची लोखंडी घोडी

मल्हार बंडगरच्या पायाला जन्मापासूनच भिंगरी. बाप जत तालुक्यातला मेंढपाळ, त्यामुळे हा चालायला शिकला तोच मेंढरांच्या मागे. पुढे आयटीआय करून साताऱ्याच्या एमआयडीसीत फिटर म्हणून चिकटला. वीस वर्षं एकाच कारखान्यात काढली, पण जेवणाच्या सुट्टीतही हा माणूस डबा हातात धरून, फेऱ्या मारत खायचा. अशा माणसाची झोप उडवायला चालणारंच यंत्र यावं, यात नवल नाही.

ते यंत्र सैन्यासाठी होतं. चार पायांचं, बैलाएवढं, पोटात बॅटरी आणि पाठीवर सपाट लोखंडी खोगीर. जिथे गाडी जात नाही आणि तोफांच्या आवाजाने खेचर बुजतं, तिथे त्याने दारूगोळा वर न्यायचा आणि जखमी खाली आणायचे. कागदावर त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. मल्हार त्याला घोडी म्हणायचा, आणि बघता बघता अख्खा कारखाना म्हणू लागला. घोडी चढ झकास चढायची. उतारावर मात्र दर खेपेला तोंडावर आपटायची. आठ महिने तिने इंजिनिअरांचं रक्त आटवलं.

शेवटी मल्हारला राहवेना. संगणकापुढे डोकं धरून बसलेल्या अपेक्षा मॅडमना तो म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. तुमी हिला चार पायांसाठी चार जागा शोधाय लावताय. आमची घोडी सगळा संसार पाठीवर घिऊन घाट उतरायची, ती दोनच जागा बघती. पुढचा पाय उचलला की त्याच खुणंवर मागचा."

अपेक्षा सव्वीस वर्षांची, सांगलीची. शिकलेली खूप, पण शहाणी मुलगी; ती हसली नाही. रविवारी त्याच्याबरोबर जतला गेली आणि दिवसभर मोबाइल धरून घोडीच्या मागे उन्हात फिरली. दीड महिन्यात लोखंडी घोडी पाठीवर दोन क्विंटल वाळू घेऊन कारखान्यामागचा डोंगर उतरली. मल्हारने तोंड फिरवून डोळे पुसले.

चाचण्यांसाठी सैन्याने हवालदार उदयसिंह निकम पाठवला होता. कोरेगावकडचा, उसाच्या मळ्यातला, घरात वर्दीची तिसरी पिढी. घोडी तोच चालवणार होता. मल्हारचं आणि त्याचं असं काही जमलं की एकाच्या डब्यातली भाकरी दुसऱ्याच्या हातात असायची.

शेवटच्या चाचणीत घोडी सुट्या मुरमावरून उतरत होती. पुढच्या पायाने मुरूम ढिला झाला आणि मागचा पाय इमानाने त्याच खड्ड्यात पडला. घोडी हातभर घसरली आणि सावरली. उदयसिंह पुढे होता, त्याला दिसलं नाही. मल्हारला दिसलं. जिवंत घोडी अशा जागी मागचा पाय आखडता घेते, दुसरी जागा बघते. मॅडमना एवढं सांगायचंच राहून गेलं होतं. उद्या पहिलं काम हेच, असं त्याने ठरवलं.

उद्या उजाडला तो सीमेवर लढाई पेटल्याची बातमी घेऊन. तोवर तयार झालेल्या चारही घोड्या आजच हव्यात असा हुकूम आला. सकाळभर मल्हार बोल्ट आवळत राहिला, मॅडम फोनला चिकटलेल्या. नारळ फुटला, ट्रक हलला, मागे उभ्या उदयसिंहाने हात हलवला. मल्हार दहा पावलं धावला, तोंड उघडलं आणि मिटलं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, रणावर निघालेल्याला तर नाहीच नाही. साताऱ्यात फौजी शेजाऱ्यांत वीस वर्षं राहून हे त्याच्या अंगात मुरलं होतं.

मॅडमना संध्याकाळी सांगू म्हणाला, मग सकाळी म्हणाला. पाचव्या दिवशी वरून निरोप आला. गोळे पडत असताना घोड्यांनी चौकीवर दारूगोळा पोचवला होता आणि येताना जखमी आणले होते. कारखान्यात कंदी पेढे वाटले गेले. साहेबांनी मल्हारला शाल पांघरली. अंगावर शाल असताना खोट कोण काढतो? इथे मल्हार चुकला. त्याचा कितीही कैवार घेतला तरी चुकलाच.

मग त्याचे पाय थांबेनात. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बायको म्हणाली, "आवं, बसा की जरा. फरशी झिजली." तो दारात जाऊन उभा राहिला आणि पुन्हा आत आला. उदयसिंहाचा फोन तीन महिने बंद होता. लढाई थांबली तरी बंदच.

पुढे कळलं, हवालदार घरी आलाय. मल्हार त्याच दिवशी गेला. उदयसिंह ओट्यावर बसला होता. कुबडी भिंतीला टेकवलेली, डावी विजार गुडघ्याखाली दुमडून पिना लावलेली. मल्हार ओट्याशी उभाच राहिला.

"नऊ पोरं खाली आणली तुज्या घोडीनं," उदयसिंह म्हणाला. "धाव्या खेपंला सुटी दगडं लागली. तिचा मागचा पाय पुढच्याच खड्ड्यात गेला. वर पोरगं बांधलेलं. मी खालनं खांदा लावला. पोरगं वाचलं, माजा पाय खाली ऱ्हायला. कागदावर आलं, गोळ्यानं दरड घसरली." त्याने मल्हारकडे पाहिलं. "तुला म्हाईत हुतं का रं?"

नाही म्हणणं सोपं होतं. कोणी पाहिलं नव्हतं.

"व्हय," मल्हार म्हणाला. "आदल्या दिवशी बघितलं हुतं. गाडी निघाल्यावर धावलो बी. पर मागनं हाक कशी मारायची?"

उदयसिंहाने भिंतीची कुबडी मांडीवर ओढून घेतली. "मारायची हुतीस गड्या," तो म्हणाला. "मी थांबलो असतो." शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मल्हारला वाटलं.

तिथून तो साताऱ्याला न जाता जतला आईकडे गेला. रंगुबाई सत्तरीची, अजून दहा मेंढरं राखून होती. सगळं ऐकून तिने काठी जमिनीवर आपटली.

"मागनं हाक मारू नये? ही कुणाची रीत रं? घरं बांधून ऱ्हाणाऱ्यांची, घरातनं निघणाऱ्यांची. आपुन कवा पुढनं हाक मारली? तुजा बाप जलमभर मेंढरांच्या मागनंच वरडत गेला. न्हाई वरडला असता तर निम्मी दरीत गेली असती!"

"आये, उद्या आणखी आठ घोड्या निघत्यात," मल्हार म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं की आपण काय बोललो. मॅडमना फोन लावला तर गावात रेंज नाही. तो पहाटेच्या एसटीत चढला. बसायला जागा असून मिरजेपर्यंत उभाच राहिला. तिथून फोन लागला, पण मॅडम उचलेनात.

कारखान्याच्या कोपऱ्यावर रिक्षातून उतरला तेव्हा नारळ फुटून गेला होता. झेंडूच्या माळा घातलेला ट्रक फाटकातून बाहेर पडून त्याच्याकडे पाठ करून निघाला होता. मागे चार नवे जवान उभे होते. विशीतली पोरं, हात हलवणारी.

मल्हार धावला. छाती फुटेस्तोवर धावला आणि बापाच्या गळ्यातली ती लांब हाक त्याने दिली, "हेऽऽऽ होऽऽऽ! थांबाऽऽऽ!" फाटकातल्या बायांनी तोंडावर हात ठेवला. साहेबांचा चेहरा काळा ठिक्कर पडला. कोणीतरी ओरडलं, "अरे, अपशकुन करतोस का?" त्याने पुन्हा हाक दिली, आणखी मोठी.

ट्रक थांबला. अपेक्षा धावत आली. "मल्हारदादा, काय झालं?"

त्याला धाप लागली होती. तो ट्रकच्या फाळक्याला धरून उभा होता, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचे पाय एका जागी होते.

"आठीच्या आठी खाली उतरवा, मॅडम," तो म्हणाला. "एक सांगायचं ऱ्हायलंय."