अकराव्या दिवसाचं रोप

माझा मामा बियाण्याच्या प्रयोगशाळेत उगवलेलं बी मोजतो. गेली बावीस वर्षं. घरी डाळ निवडायला बसला तरी शंभर-शंभर दाण्यांचे ढीग लावतो. त्यामुळे मामी त्याला कामच सांगत नाही, आणि मला वाटतं, मामाचा बेत तोच असावा.

त्याचं काम असं : गव्हाचं बी औषधाच्या पाण्यात बारा तास भिजवायचं, सावलीत वाळवायचं, ट्रेमध्ये पेरायचं आणि खारं पाणी द्यायचं. साधं बी शंभरात तीस उगवतं, औषधातलं नव्वद. हा आकडा मामा असा सांगायचा, जणू घरातलं पोर बोर्डात आलंय.

आमच्या आईचं शेत खाडीकाठी. दोन वर्षांपूर्वी बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि तेव्हापासून पेरलेलं उगवेना. या वेळीही नाही उगवलं तर शेत सोडून माझ्या शहरातल्या खोलीत राहायला यायचं, असं आईनं ठरवलं. भांडीसुद्धा बांधून ठेवली. त्या खोलीत मी आडवा झालो की दार उघडत नाही.

मामा रजा टाकून आला. औषध मापायचं काचेचं भांडं टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन.

"स्वतःच्या पोरांना कधी आंघोळ घातली नाहीस दादा, आणि बियांना बारा तास?" आई म्हणाली.

"पोरांना खाऱ्या जमिनीत कुठं वाढायचं होतं?"

आणि उगवलं की! आठव्या दिवशी शेत हिरवंगार. मामा दोरीचा चौकोन टाकून मोजायचा. शंभरात एक्याण्णव, ब्याण्णव. आईनं बांधलेली भांडी सोडून पुन्हा फळीवर लावली.

बाराव्या दिवशी पानांचे शेंडे करपले. चौदाव्या दिवशी चौकोनात एकाहत्तर. आईनं गोड्या पाण्याच्या घागरी ओतल्या, पण ती दर्यामे खसखस.

"दादा, आता काय घालायचं?"

मामा बराच वेळ दोरी गुंडाळत राहिला. "आमच्याकडे दहाव्या दिवशी मोजतात आणि ट्रे रिकामा करतात. पुढचा लावायचा असतो ना."

"म्हणजे अकराव्या दिवसाचं रोप?"

"मी कधी बघितलंच नाही गं."

मला हसू आलं, आणि आलेलं हसू कुठं ठेवावं कळेना. मामानं साहेबांना फोन लावला. साहेबांनी एकच विचारलं, "दहाव्या दिवशी किती?"

"ब्याण्णव."

"उत्तम! लिहून ठेवा."

तिसऱ्या आठवड्यात मामा बांधावरून ओरडला, "चौदा!" कुणी विचारलं नव्हतं.

"राहू दे दादा," आई म्हणाली. "इकडे ये, ही कढई धर."

मामानं धरली. फळीवरची एकोणीस भांडी पुन्हा पोत्यात गेली. ती मी मोजली, मामानं नाही.