नकाशातली चौदा देवळं

पुण्यात जपानी शिकलेली मुलगी मँचेस्टरला जाऊन काय करणार, ही काळजी माझ्या सासूबाईंना होती. मलाही होती. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून मी आले आणि बरीच वर्षं भाजी निवडताना जपानी क्रियापदं घोकत बसले. मग दोन हजार चार-पाचच्या सुमारास एका छोट्या कंपनीला नेमकं माझ्यासारखं माणूस हवं होतं. जपानी व्हिडिओ गेम इंग्रजीत आणून युरोपभर विकायचे, हा तिचा धंदा. पत्रं मी लिहायची, फोनवरची बोलणी मी करून द्यायची, आणि डिस्क छापायला जाण्याआधी गेममध्ये इकडे कोणाला खटकेल असं काही नाही ना, हेही मीच तपासायचं. शेवटच्या कागदावर सही माझी.

त्या वर्षी क्योतोच्या एका स्टुडिओचा गेम आला. स्टुडिओ म्हणजे टोफूच्या दुकानावरची एक खोली आणि नऊ माणसं. तिघा मित्रांनी मोठ्या कंपनीतल्या नोकऱ्या सोडून तो काढला होता. कितीतरी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गेममधली झाडं, भिंती, ढग रंगवले, तेही बिननावाने. मग चार वर्षं खपून स्वतःचा पहिला गेम केला. एक बाई डोंगरातल्या गावांतून पत्रं वाटत फिरते, एवढंच. ना बंदूक ना मारामारी. जपानात तो फारसा खपला नाही. युरोपात नाताळच्या आधी दुकानात लागला तर स्टुडिओ जगेल, नाहीतर कुलूप लावायचं, असं त्यांच्या प्रमुखांनी मला फोनवर सरळ सांगितलं होतं.

मी तो गेम तीनदा खेळले, वाक्यन् वाक्य तपासलं. 'आक्षेपार्ह चिन्हं' या रकान्यात 'नाहीत' असं लिहून सही केली. डिस्क छापायला गेल्या.

दिवाळीत मी दारात रांगोळी घातली, तिच्याशेजारी स्वस्तिक काढलं. माझी तेरा वर्षांची, इथेच वाढलेली मुलगी शाळेतून आली आणि दारातच थबकली.

"आई, प्लीज, पुस ना ते! माझे फ्रेंड्स येणार आहे. वुई लिटरली डिड धिस इन हिस्टरी टुडे."

"अगं, हे आपलं आहे."

"मला माहितीये ती आपला आहे. बट त्यांना नाही माहीत ना!"

मी चिडले. इतक्या पिढ्यांचं शुभचिन्ह, कोणा मेल्यांनी पळवलं म्हणून आपण का पुसायचं, असं तावातावाने सांगायला लागले आणि मधेच थांबले. मला गेममधला नकाशा आठवला होता.

पत्रं वाटणाऱ्या त्या बाईच्या हातात डोंगरांचा नकाशा असे. जपानी नकाशात बौद्ध देवळाची खूण म्हणजे स्वस्तिकच, फक्त उलट्या दिशेचं. त्या नकाशावर चौदा देवळं होती. तीनदा खेळताना मी ती बघितली होती, पण देवळावर स्वस्तिक असलं तर आपल्या माणसाला त्यात काय दिसणार? देऊळ दिसणार. त्या नऊ जणांनाही तेच दिसलं. जर्मनीत मात्र गेममध्ये ते चिन्ह चालत नसे, आणि आमची डिस्क सगळ्या युरोपला एकच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायला ट्राममध्ये बसले. गप्प बसावं, कोणाच्या लक्षात येतंय, असं एक मन म्हणत होतं. पण चोराच्या मनात चांदणं. समोरच्याने पेपरातून नुसतं वर बघितलं तरी मी दचकायचे. ऑफिसात पोचल्या पोचल्या साहेबांना सांगून टाकलं. एवढा प्रामाणिकपणा मी केला हे आवर्जून लिहिते, कारण पुढचं लिहायला मला जड जातंय.

साहेब शांत माणूस. त्यांनी करार काढला. चूक आमच्या तपासणीची असेल तर नव्या डिस्क आम्ही ताबडतोब छापायच्या आणि नाताळआधी दुकानात लागायची जागा त्यांच्यासाठी राखायची. चूक स्टुडिओची असेल तर त्यांनी रांगेत मागे जायचं. ते कलम जपानीत मीच उतरवलं होतं.

"सो हूज इज इट?" साहेबांनी विचारलं.

"क्योतोला फोन लावू या," मी म्हटलं.

फोन स्पीकरवर होता. मी प्रमुखांना सगळं सांगितलं. ते हळू म्हणाले, "चूक आमची आहे. आम्ही नऊ जण रोज बघत होतो, एकालाही सुचलं नाही. तुम्हाला फार त्रास दिला."

आणि ते थांबले.

तिकडची रीत मला पक्की ठाऊक होती. एकाने चूक पदरात घेतली की दुसऱ्यानेही लगेच वाकायचं असतं. नाही हो, तपासायचं काम आमचं होतं, आमचंच चुकलं, असं म्हणायचं. मग दोघं मिळून वाट काढतात. करार त्यांनीही वाचलेला होता. ते माझ्या वाक्यासाठी थांबले होते. मला मात्र त्या क्षणी दिसत होती ती माझी सही, गेलेली नोकरी आणि पुन्हा घरी भाजी निवडत बसलेली मी.

मी साहेबांकडे वळले. "ते म्हणतायत, चूक त्यांची आहे." शब्दाला शब्द, अगदी बिनचूक भाषांतर.

"दॅट सेटल्स इट, देन," साहेब म्हणाले. नाताळची जागा एका फुटबॉलच्या गेमला गेली.

त्यांनी चौदाही देवळं नव्याने रंगवली. गेम वसंतात आला आणि फारसा कोणाच्या नजरेला न पडता गेला. उन्हाळ्यात स्टुडिओ बंद झाल्याचं पत्र आलं, खाली नऊ सह्या. मी आणखी सहा वर्षं त्या कंपनीत होते, बढतीही मिळाली.

प्रमुखांनी मला वेगळं एक पत्र पाठवलं होतं, चार ओळींचं. नकाशाच्या प्रकरणात माझी उगाच धावपळ झाली याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली होती. त्या पत्रालाही मी उत्तर दिलं नाही.