गुडघ्याएवढी चिंच

दहिवडीच्या रस्त्याला आमच्या सुभेदारांची नर्सरी आहे. तिथं मी पंधरा वर्षं कलमं बांधतोय. एवढ्या वर्षांत रोपं किती जगली, किती मेली हे विचारू नका. किस्सा मात्र एकही मेला नाही! चहाला बसलं की कुणीतरी एक काढतो आणि चहा गार होतो. त्यातले निम्मे एकाच झाडाचे आहेत.

*

सुभेदार फौजेतून रिटायर झाले, पण शिस्त तीच. रोपांच्या पिशव्या उंचीप्रमाणे लावायच्या. उंच उजवीकडं, बुटकी डावीकडं. एकदा चिंचेच्या ओळीत एक रोप निघालं. दोन वर्षांत त्याची भावंडं खांद्याला लागलेली, हे गुडघ्याला!

"अनफिट! बाहेर काढा!" सुभेदार गरजले.

"आवं सायेब, उंची न्हाई, पर पानं बगा की किती दाट हायती!" असं म्हणत नर्सरीत काम करणाऱ्या हौसाक्कांनी ते उचललं आणि पाण्याच्या टाकीजवळ लावलं.

आम्ही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. आक्कांचे मालक, म्हणजे आमचे दाजी, चिंच झोडताना झाडावरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून हातात काठी. आक्कांचं एकच म्हणणं, "उभ्या उभ्या हाताला यील आशी चिंच पायजे. म्हंजी कुनाचा मालक पडायचा न्हाई."

*

झाड वाढलं, पण आडवं! येणारं प्रत्येक गिऱ्हाईक डॉक्टर. कुणी म्हणे पाणी कमी पडतंय, कुणी म्हणे मुळाखाली दगड असणार. एकजण तर उंची वाढवायची पावडर आणून देतो म्हणाला.

आक्का म्हणाल्या, "आना की! पर आदी तुमी घ्या. फरक पडला तर झाडाला घालू."

गृहस्थ जेमतेम पाच फुटांचे होते.

*

आठव्या वर्षी चिंचा धरल्या. गर भरपूर. सुभेदारांनी हौसेनं सगळे चिंचोके पेरले. मी सांगत होतो, "साहेब, चिंचोक्यातून आईचा गुण उतरेलच असं नाही. कलमंच बांधू." ऐकतात कशाला!

दीड वर्षात सगळी रोपं सरळसोट वर. उंच रोपं बघून सुभेदार उदास झालेले मी तेवढ्याच वेळी पाहिले. म्हणाले, "सगळेच्या सगळे भरतीलायक निघाले रे!"

*

मग मी त्या झाडाच्या काड्या घेऊन वीस कलमं बांधली. एकही फुटेना. माझ्या हाताला असं कधी झालं नव्हतं, मला जेवण जाईना. शेवटी कारण कळलं. सुभेदार रोज सकाळी प्लास्टिकची पट्टी सोडून जोड धरला का बघायचे आणि पुन्हा बांधून ठेवायचे!

"मग? रोजचं इन्स्पेक्शन नको?"

आक्का भडकल्या. "आवं, मोडलेल्या हाडाचं प्लास्टर रोज सोडून बगत्यात व्हय? तसं केलं आसतं तर आमचं मालक आजून हातरुनातच आसतं!"

दुसऱ्या खेपेला शेडनेटला कुलूप लागलं आणि किल्ली आक्कांच्या कमरेला. सुभेदारांनाच आत बंदी! पंधरा कलमं जगली.

*

नवीन वाण म्हणून नोंद करायची ठरलं. तपासणीला एक साहेब स्कूटरवरून आले. घाम पुसत, मान वर करून चारी बाजूंना बघत त्यांनी विचारलं, "मातृवृक्ष कुठाय?"

आक्का म्हणाल्या, "त्येच्यावरनं तुमचं हेल्मेट काडा सायेब, म्हंजी दिसंल!"

साहेब भला माणूस. हसले, टेप लावला आणि म्हणाले, "आई बुटकी आहे हे दिसलं. कलमं बुटकी राहून फळली, तरच वाण म्हणायचं."

तेव्हापासून आमचा सगळ्यांचा जीव त्या पंधरा कलमांत अडकला. आक्का तर रोज त्यांच्याशेजारी उभ्या राहून माप घ्यायच्या.

*

यंदा, चौथ्या वर्षी, कलमांना चिंचा लागल्या. छातीच्या वर एकही झाड गेलेलं नाही! आक्का दाजींना घेऊन आल्या. पडल्यापासून दाजी चिंचेच्या सावलीलाही थांबत नसत.

काठी टेकत त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली. काठी माझ्याकडं दिली. चपला काढल्या. धोतराचा काचा मारला. झाडाला हात लावून तो कपाळाला लावला. कुणी हसलं नाही.

मग झाडावर चढलेला गडी झोडायच्या आधी देतो, तशी दाजींनी मोठ्यानं हाक दिली, "खाली कोन हाय का? बाजूला व्हा!"

आक्का हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्या चार पावलं मागं सरल्या, पदर पसरला आणि ओरडल्या,

"कोन न्हाई! झोडा बिनघोर!"