चाकू घेऊन झरीला

डहाणूला लोक समुद्रासाठी जातात, चिकूसाठी जातात, नाहीतर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नारळ फोडायला. मी गेले एक चाकू दुरुस्त करून आणायला. आणि तो बिघडवला होता मीच.

मला कळायला लागल्यापासून बाबांच्या सदऱ्याच्या खिशात हा घडीचा चाकू आहे. मिटला की बोटाएवढा, शिसवी मूठ, मुठीच्या टोकाला पितळेची टोपी आणि तिच्यावर ठोकलेली तीन टिंबं. नोकरीची पहिली काही वर्षं बाबा डहाणूच्या सरकारी कचेरीत होते, तेव्हापासूनचा. त्या चाकूने ते रोज दुपारच्या चहाआधी एक चिकू सोलतात, आणि इतका वाईट सोलतात की बघवत नाही. सालीबरोबर अर्धा गर जातो. आई हसून म्हणायची, "अहो, चिकू सोलताय की वासे तासताय?" आईला जाऊन चार वर्षं झाली, पण दुपारचा चिकू काही चुकला नाही.

गेल्या महिन्यात आमच्या ठाण्याच्या सोसायटीत सायकलवरचा धारवाला आला. मी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या खाली नेल्या आणि जाता जाता बाबांचाही चाकू उचलला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही माझी जुनीच खोड. धारवाल्याने तो लखलखीत करून दिला. त्या दुपारी चिकूची साल अशी पातळ, एकसंध निघाली की मी टाळ्या वाजवल्या. बाबा त्या सालीकडे बघत राहिले. मग त्यांनी चाकू मिटला आणि खणात ठेवून दिला.

"राहू दे आता हा," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून चिकू बंद. विचारलं तर म्हणे दात शिवशिवतात. दुपारचं बोलणंही कमी झालं. बाबा आता एक्याऐंशीचे आहेत. या वयात माणसाने आवडती गोष्ट सोडली की काळजी वाटते.

शेवटी मी चाकू घेऊन बाजारातल्या एका जुन्या हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, हा कलमं करायचा चाकू. याला एकाच बाजूने धार लावतात, दुसरी बाजू सपाट ठेवतात. तुम्ही दोन्हीकडून घासून घेतलात. आता ज्याने बनवला त्यालाच शोधा." म्हणजे बाबांनी पन्नासेक वर्षं जपलेली वस्तू मी एका दुपारीत बिघडवली होती, आणि ते बिचारे मला बोललेही नव्हते. मला फार वाईट वाटलं.

शनिवार-रविवार धरून निघायचं ठरवलं. बाबांना खरं सांगायची हिंमत झाली नाही. "महालक्ष्मीला जाऊन येते," म्हटलं. दोन दिवस दादा येऊन राहणार होता.

"कोसबाडलाही जा," बाबा म्हणाले. "तिथल्या रोपवाटिकेत तुझी आई कलमं बांधायची. तिच्या जोडीची सोनी भेटली तर नमस्कार सांग."

सकाळी सहाला गाडी काढली. तुम्ही जाणार असाल तर घोडबंदरचा रस्ता उजाडायच्या आत मागे टाका, नाहीतर अर्धी सुट्टी तिथेच जाईल. पुढे अहमदाबाद हायवे सरळ आहे, पण ट्रक आपल्या लेनमध्ये राहतील असं समजू नका. चारोटी नाक्यावर पोहे आणि चहा घेतला, पन्नास रुपयांत पोट भरलं. तिथून महालक्ष्मी अगदी जवळ. जानेवारीतला शनिवार असून रांग छोटी होती. देवीपुढे हात जोडले आणि खोटं बोलल्याबद्दल माफी मागितली. बाबांसाठी प्रसाद घेतला, म्हणजे निदान तेवढं तरी खरं.

चारोटीला मागे येऊन डहाणूचा रस्ता धरला. गाव जवळ आलं की हवेत खारट वास येतो आणि दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या लागतात, गर्द, गार, खाली पाचोळ्याचा सडा. एका वाडीतच हजार रुपयांत खोली मिळाली. दुपारी बोंबील आणि भाकरी जेवून कोसबाडची चढण चढले.

सोनीमावशीचं घर शोधायला वेळ लागला नाही, पहिल्याच बाईने बोट दाखवलं. सत्तरीच्या पुढची, बारीक चणीची, अंगणात वाल सोलत बसलेली. आईबरोबर तिने सात-आठ वर्षं कलमं बांधली होती.

"सुमनबायची पोर तू?" तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "आईसारखी नाय दिसत. आई बारीक होती."

झालं, इथेही वजनावर घसरली गाडी. मी हसून तिच्याजवळ बसले. तिने मला कलम म्हणजे काय ते दोन वालाच्या शेंगा घेऊन दाखवलं. खिरणीच्या रोपाला एक काप, चिकूच्या फांदीला एक काप, मग काप कापाला लावून घट्ट बांधायचं. "काप सपाट पायजे. मधी वारा राह्यला का कलम मेला. सुमनबायचं कलम मरत नव्हतं."

मी चाकू काढला. मावशीने पितळी टोपीवरच्या तीन टिंबांवरून अंगठा फिरवला.

"हा तं झरीच्या रमणभाईचा. आमच्या सगळ्यांचे चाकू त्याचेच. जा, अजून हाय तो."

रविवारी सकाळी पुन्हा हायवेला लागून तलासरी गाठली आणि तिथून विचारत विचारत झरी. रस्ता बरा आहे, फक्त पाट्यांवर विसंबू नका, माणसांना विचारा. कोणी मराठीत सांगतं, कोणी गुजरातीत, पण हात मात्र सगळे एकाच दिशेला दाखवतात. रमणभाईंचं काम घरामागच्या पत्र्याच्या पडवीत चालतं. भट्टीजवळ त्यांची सून दक्षा हाताने पंखा फिरवत होती. रमणभाई कोयत्याचं पातं ठोकत होते. पांढऱ्या मिशा, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा.

चाकू हातात घेतल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. "अरे राम. हे कोणी केलं, बेन?"

"मी," म्हटलं. आता लपवून काय उपयोग?

त्यांनी चाकू उघडला. खट् असा आवाज आला, तेव्हा जरा खुलले. चांगला चाकू कसा ओळखायचा ते त्यांनी मला तिथेच शिकवलं, तुम्हालाही सांगते. उघडताना शेवटी खट् वाजला पाहिजे, नुसता सरकला तर मुठीच्या पाठीची, पातं दाबून धरणारी पट्टी मेलेली. मिटल्यावर पातं मुठीतल्या फटीच्या बरोबर मधे बसलं पाहिजे, मुठीला घासता कामा नये. उघडून उजेडात धरला तर पातं आणि पाठीची पट्टी यांच्या मधून प्रकाश दिसता कामा नये. आणि पातं धरून डावीउजवीकडे हलवलं तर हलता कामा नये. आमचा चाकू चारही परीक्षांत पास झाला.

"फक्त धार गेली," रमणभाई म्हणाले. "घासून एक बाजू परत सपाट करतो. पातं अर्धा सूत बारीक होईल, पण जगेल." मग त्यांनी चाकू उलटा केला, पात्यावरच्या नखाच्या खाचेला बोट लावलं आणि थबकले. "हा चाकू मला माहीत आहे. डावखुऱ्या बाईचा."

मी म्हटलं, "नाही हो, माझ्या बाबांचा आहे. ते उजवे आहेत."

"नखाची खाच बघा. सगळ्या चाकूंना ती या बाजूला असते, उजव्या हाताच्या नखाने उघडायला. याची त्या बाजूला आहे. डाव्या हाताचा चाकू मी जन्मात एकच केला. डहाणूच्या कचेरीतले एक साहेब आले होते. सायकलवर, एवढ्या लांब. कागदावर पेन्सिलने बाईच्या हाताचा पंजा काढून आणलेला. मी बोललो, साहेब, हा डावा पंजा आहे, उजवा आणा. तर बोलले, ती कलमं डाव्या हातानेच करते, सगळ्यांच्या चाकूने तिचा काप वाकडा जातो. मूठ त्या पंजाच्या मापाची केली."

मी मूठ हातात धरली. माझ्या हाताला ती आखूडच होती. आई डावखुरी होती, पोळ्या डाव्या हाताने लाटायची. आणि हा चाकू बाबांच्या खिशात बघायची मला इतकी सवय, की तो कोणाच्या मापाचा आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. बदली होऊन ठाण्याला आल्यावर आईची कलमं सुटली आणि चाकू बाबांच्या खिशात गेला. "वासे तासताय" म्हणून ती हसायची तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. माझे डोळे भरून आले. दक्षाने पंखा थांबवून मला पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन मी दोघांना बाबांच्या रोजच्या चिकूचं सांगितलं.

"तर मग बोला," रमणभाई म्हणाले. "कुठल्या हाताची धार करू? डावी धार उजव्या हातात घेतली की पातं आत बुडतं, गर वाया जातो. आता साहेबच वापरतात, तर उजवी करून देतो. चिकू मस्त सोलला जाईल."

बोलणं अगदी बरोबर होतं. म्हातारा माणूस, थरथरता हात, नीट चालणारा चाकू बरा. "हो, उजवीच करा," असं मी म्हणणारच होते. तेवढ्यात मला ती पातळ, एकसंध साल आठवली, माझ्या टाळ्या आठवल्या, आणि खण बंद करतानाचा बाबांचा चेहरा. चाकू बिघडला म्हणून त्यांनी ठेवून दिला नव्हता. तो त्यांच्या हातात नीट चालायला लागला होता.

"डावी," मी म्हटलं. "होती तशीच."

"गर वाया जाईल, हां."

"जाऊ दे," दक्षाच मधे बोलली. "बेनला कळलं आहे, पप्पा. तुम्ही करा."

तासभर लागला. आधी मोठ्या दगडावर, मग पाणी टाकून बारीक दगडावर. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातावरचे चार केस भादरून दाखवले. दीडशे रुपये घेतले, त्यातलेही वीस परत करायला निघाले होते. निघताना म्हणाले, "साहेबांना सांगा, पात्याची खीळ अजून ढिली झाली नाही." तलासरीहून सरळ हायवेने घर, वाटेत जेवणासाठी एकदाच थांबले.

घरी पोचले तेव्हा चार वाजत आले होते. दादा चहा टाकत होता. प्रसाद, दोन किलो चिकू आणि सोनीमावशीचा नमस्कार बाबांपुढे ठेवला, आणि शेवटी चाकू. झरीला जाऊन आले, एवढंच सांगितलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चाकू हातात उलटसुलट केला, नेहमीसारखी चुकीच्या बाजूची खाच दोनदा नखातून निसटली, मग खट् करून उघडला.

त्यांनी चिकू घेतला. पातं आत बुडालं. जाडजूड साल, निम्मा गर घेऊन, थाळीत पडली. मग दुसरी. बाबांच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मला दिसला.

माझ्याच्याने राहवेना. "अहो बाबा, चिकू सोलताय की वासे तासताय?"

बाबा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

"चाकू तिचा आहे गं," म्हणाले, "माझं कुठे ऐकतो?" आणि दुसरा चिकू उचलला.