शून्य लिहिलेले बाप

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. एकदा घरात कुणी नसताना मोठ्याने म्हणून बघितलं होतं — पहिल्याच वाक्याला थांबले. आज तुम्हाला सांगते आहे. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

दोह्यात मुशैरिबमधल्या एका लहान कंपनीत मी डेटाचं काम करते. आमचं एक गिऱ्हाईक अमेरिकेत आहे — तिथल्या एका आदिवासी जमातीचं स्वतःचं ऑफिस. आईबाप वेगळे झाले की मुलांच्या पोटापाण्याचा खर्च दुसऱ्या पालकाकडून मिळवून द्यायचा, हे त्या ऑफिसचं काम. वर्ष संपलं की त्याचा अहवाल सरकारला जातो. किती केसेस, किती मुलांचा बाप कोण ते ठरलं, किती आदेश निघाले, त्यातलं किती पोचलं. तो अहवाल चार वर्षं मी केला. चार वर्षांत कुणी एक प्रश्न विचारला नाही, आणि मी ती शाबासकी समजत होते.

मग शेवंती आली. नंदुरबारकडची, पावरा आदिवासी समाजातली, सव्वीस वर्षांची. इंग्रजी बोलताना अडखळायची. एकटी होती, म्हणून शुक्रवारी जेवायला मीच तिला अल मुंतझाला आमच्या घरी बोलवायला लागले. म्हणजे मी वाईट नव्हते — की होते? माझी मुलगी मराठीत विचारलं तरी मला इंग्रजीत उत्तर देते. शेवंतीशी मात्र ती मोडकंतोडकं मराठी बोलायची. ‘शेवंतीमावशी, हे काय हाय?’ असं. दोघी हसायच्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून पोळ्या लाटत ऐकायचे. तिथूनच सुरू झालं असावं. नाही — खरं सांगायचं तर ते ऑफिसातच सुरू झालं होतं.

आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिने मला विचारलं, “ताई, हा बाप दर महिन्याला शून्य दाखवलाय. मग त्याच्याबद्दल मुलांच्या आईची एकही तक्रार कशी नाही?”

मी म्हटलं, “आपल्याला जे येतं ते आपण भरतो.”

तिने संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलवर थेट मार्थालाच विचारलं. मार्था ही त्या ऑफिसची प्रमुख, साठीची, मोजकं बोलणारी बाई. ती हसली. म्हणाली, आमच्याकडे ज्या बापाला पगार नाही तो लाकडं फोडून देतो, मासे देतो, मुलं राहतात त्या घराचं छप्पर दुरुस्त करतो. कोर्टाच्या आदेशात तसं किमतीसकट लिहिलेलं असतं. ते कागद फायलींत होते. आम्ही भरायचो त्या रकान्यांत कधी आलेच नव्हते.

शेवंती म्हणाली, “माझा बाप पण वेगळा राहायचा. पण दर बाजारच्या दिवशी मोळी अन् ज्वारी दारात टाकून जायचा. त्याला कुणी शून्य म्हटलं असतं ना, तर माझी आईच भांडली असती.”

तिच्या तुटक्या इंग्रजीत तिने हे सांगितलं आणि मार्थाने डोळे पुसले. चार वर्षांत मार्था माझ्याशी हवामानाबद्दलसुद्धा बोलली नव्हती. आणि ती सगळी शून्यं कोणी भरली होती? मी.

पुढचे तीन महिने शेवंती आणि मार्था दोघींनी मिळून जुन्या फायली उघडल्या. शेवंतीने वस्तूंची वेगळी शीट केली — सरपण, मासे, छप्पर, प्रत्येकाची किंमत. मार्थाने जमातीच्या सभेत सांगून टाकलं की यंदा तुमची लाकडंही मोजली जाणार. मॅनेजर म्हणाले, अहवालाखाली तयार करणाऱ्याचं नाव शेवंतीचं घाला. मी मान हलवली. “छानच,” म्हटलं. हसलेसुद्धा.

अहवाल जायच्या आठवड्यात तिच्या आईचं ऑपरेशन निघालं. ती घाईने गावी निघाली. जाताना माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “ताई, वस्तूंची शीट मुख्य अहवालात जोडायची राहिली. शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. तेवढं बघाल ना?”

“जा गं तू. मी आहे.”

आता इथे ‘मी विसरले’ असं म्हणता येईल. पुष्कळ दिवस मी स्वतःला तेच सांगत होते. पण विसरलेलं माणूस फाईल उघडतं का? मी उघडली. शीट वरपासून खालपर्यंत वाचली. सुरेख काम होतं — माझ्याच्याने झालं नसतं. तिची एक प्रत मी माझ्या पेन ड्राइव्हवर घेतली. मग ती शीट तिच्या फाईलमधून काढून टाकली, सेव्ह केलं आणि उरलेला अहवाल पाठवून दिला. दुपारचे दोन वाजले होते. नंतर मी खाली जाऊन करक चहा प्यायले.

आठ-दहा दिवसांनी मार्थाचा कॉल आला. तिने अहवाल सभेत वाचून दाखवला होता. एक म्हातारा उठून उभा राहिला म्हणे. त्याच्या मुलाने दोन हिवाळे नातवंडांच्या घरी लाकूड पोचवलं होतं. “माझा मुलगा अजून शून्यच का?” एवढंच विचारून तो निघून गेला. मार्थाचा आवाज थंड होता. शेवंती परत आली होती, कॉलवर माझ्या शेजारीच बसली होती. ती पुनःपुन्हा फाईल उघडत होती, बंद करत होती.

मॅनेजर मला म्हणाले, तुम्ही काही करू शकाल का? मी दोन दिवस खूप काम असल्यासारखी बसले आणि पेन ड्राइव्हवरची शीट नव्याने केल्यासारखी जोडून दुरुस्त अहवाल दिला. मार्थाने मला पत्र पाठवलं — फार सुंदर पत्र. शेवंतीचा करार पुढे वाढवला नाही. काम संपलं की व्हिसा संपतो. खलास.

तिला विमानतळावर सोडायला आम्हीच गेलो. नवरा ट्रॉली आणायला गेला, मुलगी त्याच्यामागे. गाडीत आम्ही दोघीच राहिलो. तेव्हा तिने विचारलं, “ताई, एकच सांगा. तुम्ही फाईल उघडली तेव्हा माझी शीट होती का?”

तेव्हाही सांगता आलं असतं. चार शब्द पुरले असते. तिच्या नजरेत संशय नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगते — ती माझ्यावर नाही, स्वतःवर शंका घेत होती.

मी म्हटलं, “नव्हती गं.”

तिने मांडीवरची पिशवी उचलली. मग म्हणाली, “म्हणजे आईच्या टेन्शनमध्ये माझ्याकडून सेव्हच झाली नाही.” आणि उतरून माझ्या पाया पडली.

आता ती शहाद्याला एका कापडाच्या दुकानात असते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. मालकाने बिलं करायला कॉम्प्युटरवर बस म्हटलं तर तिने नको म्हणून सांगितलं. “हात पुढे होत नाही, ताई. माझ्या एका चुकीने तो म्हातारा सभेतून उठून गेला. तुम्ही होतात म्हणून निभावलं.”

मी म्हटलं, “होतं गं असं कधी कधी.”

तिची चूक नव्हती. शीट होती. ती मी काढली.