पेटी दिली

वाशीमच्या कुण्याही जुन्या माणसाला विचारा, सैफुद्दीन कोण? सांगेल, पेटीवाला! बापाचा धंदा गाद्यांचा कापूस पिंजायचा, पण हा पठ्ठ्या शिखरचंद शेटजींच्या पत्र्याच्या थेटरात घुसला आणि तिथल्या पायपेटीला जो चिकटला, तो सव्वीस वर्षं. पायानं भाता हाणायचा, हातांनी सूर काढायचे. नाटक कंपनीचा वाजवणारा आजारी पडो की पिऊन पडो, सैफुद्दीन हजर. कुण्या नटाचा गळा काळी दोनच्या पट्टीत बसतो आणि कोण उगाच काळी चारची ऐट मारतो, सगळं त्याला पाठ. भाता फाटला तेव्हा त्यानं बायकोच्या जुन्या बुरख्याचं ठिगळ लावलं. मेहरबी म्हणायची, "मैं घर में, अन् मेरा बुरखा नाटक में!"

शेटजी खूश झाले की एकच बोलायचे, "सैफू, थेटर बंद पडंल त्या दिवशी पेटी तुही." या एका शब्दावर गडी जगला. खुळाच म्हणायचा!

चौऱ्याहत्तर साली थेटर बंद पडलं. कंपन्या येईनात, तेव्हा शेटजींनी तिथं सिनेमा करायचं ठरवलं. सामान काढायचं काम पुतण्या प्रेमचंदवर टाकलं आणि शिखरजीच्या यात्रेला निघताना बजावलं, "सैफूले पेटी दे. इसरू नको."

प्रेमचंद शेजारच्या मालेगावचा, कापसाच्या धंद्यातला. उभ्या जन्मात नाटक पाहिलेलं नाही. पण बेइमान नव्हता हो! त्यानं सैफुद्दीनला बोलावून पेटी दिली. नटांचे कपडे ठेवायची, पत्र्याची, कुलपासकट.

"भाऊ, हे नाही. ते पायाची," सैफुद्दीन म्हणाला.

"कोन्ती? ते झाकन लावलेलं कपाट? ते कालच फोडलं. तिकिटाच्या खिडकीले फळ्या लागत होत्या."

आता बोला! शिव्या द्यायच्या तरी कुणाला? सैफुद्दीननं ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि घरी आला. मेहरबी कडाडली, "मुंह पर फेकना था उसके!"

"शेटजी आले की सांगतो," तो म्हणाला. शेटजी आले ते थेट उद्घाटनाच्या दुपारी.

हॉल खच्चून भरलेला. शेटजी हार घालून पडद्यापुढं उभे राहिले. "आमी सैफूले शब्द देल्ला होता. पेटी देल्ली का नाही रे प्रेमचंद?"

"देल्ली, काकाजी."

टाळ्या पडल्या. शेटजींना आणखी जोर चढला. "सैफू, आन मंग तुही पेटी! वाजव आज!"

सैफुद्दीनचं घर थेटराच्या मागंच. तो उठला, गेला आणि पेटी डोक्यावर घेऊन आला. ती पडद्यापुढच्या टेबलावर ठेवली, खुर्ची ओढून बसला, आणि बंद झाकणावर बोटं चालवू लागला. खाली पाय भाता हाणत होता, नसलेला. पत्रा टकटक वाजला.

हॉल हसून हसून लोळला. "वा रे सैफू! नकलाबी येतात तुले!" शेटजींनी मांडीवर थाप मारली. सैफुद्दीन काही थांबेना. काळी दोनमधलं अख्खं पद त्यानं वाजवलं, आलापीसकट. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

हसू हळूहळू बसलं. शेटजींनी ती पेटी पाहिली, मग प्रेमचंदकडं पाहिलं. त्यांना सगळं समजलं.

"दिवे घालवा रे," ते म्हणाले. "सिनेमा लावा."